लामालेराचा देवमासा आणि बिनखिळ्यांची होडी

महोदय,

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत इंडोनेशियातल्या लामालेरा या ‘देवमासे मारणाऱ्या गावा’वर पानभर सचित्र मजकूर आला आहे. छायाचित्राबद्दल आमची तक्रार नाही. देवमासा किनाऱ्याला ओढून आणला की तिथले पाणी खरोखरच लाल होते. तक्रार मजकुराबद्दल आहे. गावाला तीनदा ‘क्रूर’ म्हटले आहे, पण त्या गावाची होडी कशी असते, मिळालेल्या मांसाची वाटणी कशी होते आणि ते मांस पुढे कुठे जाते, याबद्दल एक ओळही नाही. या तीन गोष्टी वाचकांना कळाव्यात म्हणून हे पत्र. लांबले आहे, पण शक्य तर कापू नये ही विनंती.

आधी बेटाची दुरुस्ती. लेखात गाव फ्लोरेस बेटावर दाखवले आहे. ते आहे फ्लोरेसच्या पूर्वेला, सोलोर द्वीपसमूहातल्या लेम्बाता बेटावर. जुन्या नकाशांत या बेटाचे नाव लोम्ब्लेन असे सापडते. १९९९ साली पूर्व फ्लोरेसमधून वेगळा होऊन लेम्बाता हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचे मुख्य ठिकाण लेवोलेबा उत्तर किनाऱ्यावर आहे आणि लामालेरा दक्षिण किनाऱ्यावर, सावू समुद्राकडे तोंड करून. मधला रस्ता डोंगरातला, ट्रकने काही तासांचा. गावाचे दोन भाग आहेत, वरचे लामालेरा आणि खालचे लामालेरा. दोन्ही मिळून वस्ती दोनएक हजारांची. भाषा लामाहोलोत, धर्म कॅथलिक. पाठीशी लाबालेकान हा डोंगर, पायाखाली ज्वालामुखीचा काळा दगड. या दगडात पीक येत नाही. गावाची सगळी घडण या एका गोष्टीवरून समजते. ज्यांच्याकडे मका पिकतो ते डोंगरावर राहतात, आणि त्यांच्याकडचा मका आणायचा तर समुद्रातले काहीतरी घेऊनच जावे लागते.

समुद्रातले ते काहीतरी म्हणजे देवमासा. किनारा सोडला की थोड्याच अंतरावर तळ एकदम खोल जातो. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांना जोडणाऱ्या सामुद्रधुन्या याच बेटांमधून जातात. आग्नेयेचे वारे सुरू झाले की खालचे गार, पोषक पाणी वर येते आणि त्यामागे सगळी अन्नसाखळी येते. इथला देवमासा म्हणजे स्पर्म व्हेल, हजार मीटर खोल बुडी मारून माकूल (स्क्विड) खाणारा प्राणी. खोल पाणी किनाऱ्याच्या इतके जवळ असेल तर तो गावातून दिसतो. गावात त्याला कोतेक्लेमा म्हणतात. निळा देवमासा आणि त्याच्या जातीतले, म्हणजे दातांऐवजी गाळणी असलेले देवमासे हे लोक मारत नाहीत. पूर्वजांना त्यांनी समुद्रातून वाचवले अशी गावाची कथा आहे आणि ती पाळली जाते. आपल्या लेखात ‘जगातला सर्वांत मोठा प्राणी मारणारे गाव’ असे लिहिले आहे. ते साफ चूक आहे.

आता होडी. तिचे नाव तेना. मलय भाषेत पेलेदांग म्हणतात. लांबी १० ते १२ मीटर, रुंदी दोन-अडीच मीटर, वर ८ ते १४ माणसे. हिच्यात लोखंडाचा एकही खिळा नसतो. होडी बांधायची आपली सवय अशी की आधी सांगाडा उभा करायचा आणि मग त्यावर फळ्या ठोकायच्या. तेना उलटी बांधतात, आधी फळ्यांचे कवच आणि मग आतला सांगाडा. कण्यावर पहिली फळी उभी करतात. फळीच्या कडेला भोके पाडून त्यात लाकडी खुंट्या बसवतात आणि दुसरी फळी त्या खुंट्यांवर वरून ठोकत बसवतात. फळी तासताना तिच्या आतल्या अंगाला जागोजागी लाकडाचे ‘कान’ मुद्दाम ठेवलेले असतात. ते वेगळे जोडलेले नसतात, त्याच फळीतून कोरून काढलेले असतात. त्यासाठी बरेचसे लाकूड तासून फेकावे लागते. कवच पुरे झाले की आत फासळ्या वाकवून बसवतात आणि दोर त्या कानांच्या भोकांतून ओवून फासळ्या आवळतात. सांधे झाडाच्या तंतूंनी बुजवतात.

इतका खटाटोप कशासाठी? कारण या होडीला देवमाशाचा तडाखा खायचा असतो. खिळ्याने घट्ट केलेल्या फळीवर शेपटी आदळली तर फळी खिळ्यापाशी चिरते आणि चीर लांबवर जाते. बांधलेली होडी अंग सोडते, कुरकुरते, वाकते आणि पुन्हा जागेवर येते. फुटलीच तर तेवढी फळी काढून दुसरी घालता येते. दोर सैल पडतात हा तिचा दोष, म्हणून ते वरचेवर आवळावे लागतात आणि प्रत्येक फेरीत एका माणसाला पाणी उपसत बसावेच लागते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही एके काळी काथ्याने शिवलेल्या होड्या चालत होत्या. त्या बांधणारा कोणी हयात असेल तर त्याला तेनेची रीत एका वाक्यात कळेल.

कोणती फळी कुठे आणि किती लांबीची, हे ठरलेले आहे. नकाशा नाही, सुताराच्या डोक्यात आहे. या सुताराला तिथे ‘आतामोला’ म्हणतात. जुन्या मापात फरक केला तर होडी दगा देते असे गाव मानते, आणि होडी दगावली की मोठ्यांची नजर पहिल्यांदा सांध्यांकडे जाते. होडी म्हातारी झाली की नवी बांधतात, पण नाव तेच राहते. नावाबरोबर तिचे कुळ आणि तिचे वाटेकरीही तेच राहतात. समुद्रकाठी झावळ्यांच्या मांगरांत या होड्या ओळीने उभ्या असतात.

नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बांबूंची एक फळीवजा बैठक पाण्यावर पुढे काढलेली असते. भाला फेकणारा तिच्यावर उभा राहतो. त्याला लामाफा म्हणतात. भाल्याची काठी बांबूची, कित्येक मीटर लांब. टोकाचे लोखंडी पाते काठीत नुसते बसवलेले असते, बांधलेले नसते. दोर पात्याला असतो. पाते माशात रुतले की बांबू सुटून पाण्यावर तरंगतो आणि नंतर उचलून घेता येतो. लामाफा भाला फेकून देत नाही. तो भाल्यासकट उडी मारतो, कारण हाताच्या जोराने पाते चरबीच्या थरापार जात नाही. त्यामागे अख्ख्या माणसाचे वजन लागते. मग तो पाण्यातून पोहत होडीकडे परत येतो. ज्या प्राण्यावर तो उडी घेतो तो मोठा नर असेल तर लांबीला १६ मीटर आणि वजनाला ४० टनांच्या वर असतो. म्हणजे होडीपेक्षा मोठा.

शीड वाऱ्यावर चालवायचे, देवमासा जवळ आला की ते खाली घ्यायचे आणि शेवटचे अंतर वल्ह्यांवर कापायचे. डोलकाठी एकखांबी नसते. दोन बांबू वर एकत्र बांधलेली, कैचीसारखी असते, म्हणजे पटकन आडवी करता येते. जुनी शिडे गेबांग ताडाच्या पानांची, चटयांचे चौकोन एकमेकांना शिवून केलेली. मुख्य दोराला लेओ म्हणतात आणि तो कुळाच्या घरात मानाने ठेवतात. भाला लागल्यावर हा दोर अशा वेगाने बाहेर पळतो की घासून तापतो. म्हणून त्यावर पाणी ओतत राहतात. वेटोळ्यात कोणाचा पाय अडकला तर माणूस दोराबरोबर पाण्याखाली जातो. हा तिथला सर्वांत जुना अपघात. दुसरा अपघात म्हणजे देवमासा बुडी मारून नेमका होडीखाली वर येतो. तिसऱ्याची भीती गावाला सर्वांत जास्त. मासा मरत नाही आणि होडीला ओढत किनाऱ्यापासून दूर नेतो. तिथले प्रवाह जोरदार आहेत आणि सावू समुद्रापलीकडे थेट तिमोर आहे. दोर तोडायचा की धरून ठेवायचा हा निर्णय अशा वेळी घ्यावा लागतो, आणि तोडायचा म्हणजे पाते, दोर आणि गावाचे महिन्यांचे अन्न सोडून द्यायचे. म्हणून एका माशाला दोन-तीन होड्या लागतात. मासा दमला की सुरे घेऊन माणसे पाण्यात उतरतात. हा भाग दीर्घ आणि दारुण असतो. ते लपवण्याचे कारण नाही. मेलेला मासा ओढत आणताना वारा पडला तर सारी रात्र वल्ह्यांवर जाते.

शिकारीचा हंगाम, लेफा, मे महिन्यात सुरू होऊन साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चालतो. त्याआधी एप्रिलच्या अखेरीस सगळी कुळे किनाऱ्यावर एकत्र बसतात आणि मागच्या वर्षीची भांडणे बोलून मिटवतात. जमिनीचे मूळ मालक मानले जाणारे कूळ डोंगरावरून देवमाशांना बोलावणे करते. ३० एप्रिलच्या संध्याकाळी समुद्रात प्राण गमावलेल्यांसाठी प्रार्थना होते, पाण्यावर दिवे सोडतात, आणि १ मे रोजी किनाऱ्यावरच्या सेंट पीटरच्या कपेलापाशी मिस्सा होऊन होड्या उतरतात. हंगामात रविवार सोडून रोज. हंगामाबाहेर जर गावातून देवमासा दिसला तर ‘बालेओ!’ अशी हाक उठते. ती घराघरातून पुढे जाते आणि मिळेल ती माणसे होड्या ओढतात. आपल्याकडच्या नारळी पौर्णिमेचा विधी ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटू नये. मात्र भांडणे मिटवण्याची बैठक आपल्याकडे नाही, आणि असती तर बरे झाले असते. चौदा माणसांच्या होडीत दोघे एकमेकांशी बोलत नसतील तर दोर पळताना पाणी ओतायला कोणी कोणाला सांगायचे? गाव याला शाप म्हणते. कारण कामाचेही आहे.

मासा किनाऱ्यावर आला की त्याच्या अंगावर आखणी होते. ही आखणी लेखातल्या छायाचित्रातही दिसते, पण छायाचित्रकाराला ती कळली नसावी. डोके जमिनीच्या मूळ मालक कुळांकडे. खलाशांचे वाटे वेगळे, लामाफाचा वेगळा. होडीच्या कुळाचे वाटेकरी असतात, त्यांचा वेगळा. होडी बांधणाऱ्या सुताराचा, भाल्याचे पाते घडवणाऱ्या लोहाराचा आणि शीड विणणाऱ्याचाही वाटा असतो, त्या दिवशी ते समुद्रावर नसले तरी. वाटा वारसाने जातो. घरातला माणूस समुद्रात दगावला किंवा म्हातारा झाला म्हणून घर वाट्याला मुकत नाही. त्यानंतर दुसरी वाटणी होते. ज्याला मिळाले तो सोयऱ्यांना, शेजाऱ्यांना, विधवांना देतो. दोन-तीन होड्यांनी मिळून मासा मारला असेल तर आधी होड्यांमध्ये वाटणी, मग प्रत्येक होडीत. काम एक-दोन दिवस चालते. मांसाच्या लांब पट्ट्या बांबूच्या मांडवांवर टांगतात. चरबी उन्हात गळते आणि खाली धरलेल्या भांड्यांत तेल साठते. गावाला पुढे कित्येक आठवडे वास येतो. काही वर्षी गावाला दोन आकडी देवमासे मिळतात आणि काही वर्षी दोन-चारच.

सिंधुदुर्गातल्या रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, गावांना हा हिशेब ओळखीचा वाटेल. रापणीतही जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा, आणि ओढायला येऊ न शकलेल्याची सोय, हे सारे असते. फरक इतकाच की रापणीचा मासा बाजारात जाऊन त्याचे पैसे होतात. लामालेराचा मासा मक्यात बदलतो.

तो बदल कसा होतो ते पाहण्याजोगे आहे. गावापासून काही किलोमीटर पूर्वेला वुलान्दोनी येथे शनिवारी बाजार भरतो. डोंगरावरच्या बायका मका, केळी, रताळी, सुपारी-पान घेऊन उतरतात. लामालेराच्या बायका सुकवलेले मांस, सुकी मासळी, मीठ आणि चुना घेऊन येतात. मीठ समुद्राचे पाणी आटवून केलेले, चुना प्रवाळ भाजून. चुन्याला गिऱ्हाईक आहे कारण पान तिथेही घरोघर खातात. दोन्ही बाजू आपापला माल मांडून समोरासमोर बसतात, पण कोणी हात लावत नाही. बाजाराचा माणूस आधी प्रत्येकीकडून वस्तूंतच कर गोळा करतो. मग शिटी वाजते आणि सगळ्या एकदम उठतात. रूढ दर असा: मांसाची एक पट्टी, बारा कणसे किंवा बारा केळी. पैशांचे व्यवहार आता होतात, पण हा दर पैशांत मोजत नाहीत. मांस महाग झाले म्हणून सहा कणसांना एक पट्टी असे कोणी करत नाही, कारण पुढच्या वर्षी देवमासा आला नाही तर तीच डोंगरावरची बाई लागणार आहे. बाजाराखेरीज बायका डोईवर टोपल्या घेऊन डोंगरातली गावे पायी फिरतात. भल्या पहाटे निघायचे, चढण चढायची आणि मका घेऊन उतरायचे. लेखात या बायकांचा उल्लेखच नाही. त्या एक आठवडा गेल्या नाहीत तर पुरुषांनी आणलेला मासा नुसता वाळत राहील.

आणलेल्या मक्याचे तिथे जागुंग तिती करतात. मातीच्या भांड्यात चुलीवर दाणे भाजायचे. दाणे तडतडायला लागले, पण फुटले नाहीत, अशा क्षणी दोन-चार दाणे बोटांनी उचलून सपाट दगडावर टाकायचे आणि दुसऱ्या हातातल्या दगडाने एकच ठोका द्यायचा. दाणा चपटा होतो. लगेच पुढचे दाणे. भांडे चुलीवरच असते आणि बोटे थेट गरम दाण्यांत जातात. दाणा गार झाला तर ठोक्याने भुगा होतो, जास्त भाजला तर जळका लागतो. म्हणून एका हाताची लय दुसऱ्या हाताला धरूनच चालावी लागते. आपले पोहे करणाऱ्याला हे लगेच समजेल. फक्त इथे मूठभर धान्य एकदम नाही, दोन-चार दाण्यांचा हिशेब. हे टिकते, शिजवावे लागत नाही, आणि म्हणून होडीवर नेण्याचे अन्न तेच. सुक्या मांसाबरोबर.

आता कायदा. लेखात ‘बेकायदा शिकार’ असा शब्द आहे आणि तो इतक्या सहज वापरण्याजोगा नाही. १९८६ पासून लागू असलेली व्यापारी शिकारीवरची आंतरराष्ट्रीय बंदी ज्या आयोगाची आहे, त्याचा इंडोनेशिया सभासदच नाही. त्या आयोगानेही पोटासाठी पारंपरिक शिकार करणाऱ्या काही समाजांना सवलत ठेवली आहे. मात्र इंडोनेशियाच्या स्वतःच्या १९९९ सालच्या नियमांत देवमासे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहेत आणि २०१४ साली मांटा हा मोठा पाकट मासाही पूर्ण संरक्षित झाला. लामालेराला वागवले जाते ते परंपरा मान्य करून, पण त्याला कागदावरचा भक्कम आधार नाही. २००९ साली सावू समुद्रात मोठे सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर झाले तेव्हा लामालेराच्या लोकांनी विरोध केला आणि लेम्बाताचा भाग त्यातून वगळला गेला. म्हणजे गाव कायद्याच्या आतही नाही आणि स्पष्ट बाहेरही नाही. याचा तोटा गावाला होतो आणि देवमाशालाही.

स्पर्म व्हेलची संख्या खालावली ती विसाव्या शतकातल्या कारखानी जहाजांनी. त्यांनी हा प्राणी लाखांनी मारला. १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या वतीने एक नॉर्वेजियन शिकारी जहाज लामालेराला ‘आधुनिक’ पद्धत शिकवायला आले होते. प्रकल्प काही वर्षांत गुंडाळला गेला. वल्ह्यांची होडी आपोआप मर्यादा घालत होती. वारा हवा, माणसे हवीत, समुद्र शांत हवा आणि भांडणे मिटलेली हवीत. हे सारे जुळेल तेव्हाच मासा मिळायचा, आणि कोणी मनात आणले तरी जास्त मारता यायचे नाही.

आमच्या मते खरी काळजीची गोष्ट इथे आहे आणि लेखात ती पूर्णपणे सुटली आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत होडीला बाहेरून लावायचे इंजिन गावात आले. त्याला गावात ‘जोन्सोन’ म्हणतात, एका जुन्या इंजिनाच्या नावावरून. गावातल्या मोठ्यांनी ठरवले की कोतेक्लेमावर भाला फक्त तेनेवरूनच टाकायचा. मोटर तेनेला ओढून माशाजवळ नेऊ शकते, तेवढेच. पण डॉल्फिन आणि पाकट यांना हा नियम नाही. शिडाच्या होडीला डॉल्फिनचा पाठलाग कधी झेपला नव्हता, मोटरला झेपतो. इंजिनाला इंधन लागते, इंधनाला रोख पैसे. वुलान्दोनीत बारा कणसे मिळतात, डिझेल-पेट्रोल मिळत नाही. म्हणून मिळालेल्या माशातला काही भाग विकावा लागतो, आणि विकण्याजोगे काय तर मांटाचे कल्ले, ज्यांना परदेशात औषधी म्हणून मागणी होती आणि आता ज्यांच्यावर बंदी आहे. इंजिन घेणारा एकटा असतो. त्याच्या छोट्या नावेत चार माणसे पुरतात, चौदा लागत नाहीत, सुताराचा वाटा नाही, शीड विणणाऱ्याचा नाही, डोके मूळ मालकांना देण्याचा प्रश्न नाही. वाटणीतून एकेक माणूस असा गळत जातो.

दुसरीकडे तेनेला माणसे मिळेनाशी झाली आहेत. मुले शिकायला लेवोलेबा, कुपांग, पुढे जकार्ताला जातात. आठ माणसे जमली नाहीत तर होडी मांगरातच राहते. मांगरात राहिलेल्या होडीचे दोर ढिले पडतात, सांधे उघडतात, आणि पुढच्या वर्षी ती दुरुस्तीशिवाय पाण्यात घालता येत नाही. ताडपानांच्या शिडाची जागा ताडपत्रीने घेतली की शीड विणणाऱ्याचा वाटा कोणासाठी ठेवायचा हा प्रश्न येतोच.

मालवण-देवगडच्या पारंपरिक मच्छीमारांना हे दुखणे सांगावे लागत नाही. पर्ससीन (माशांचा थवा वेढून घेणारे मोठे जाळे) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध त्यांनी केलेली आंदोलने आपल्या वृत्तपत्रानेच छापली आहेत. २०१६ साली राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध आणले आणि २०१७ मध्ये केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. अंमलबजावणीवरून वाद अजून चालू आहेत. तिथेही प्रश्न हाच होता की कोणाचे साधन समुद्राला झेपते. रापणकराला जे न्याय्य म्हणून आपण मान्य केले ते तेनेच्या खलाशाला नाकारण्याआधी दोन्हींची साधने शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत.

देवमासा मारणे योग्य आहे असे आम्ही म्हणत नाही. स्पर्म व्हेल धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे, तो हळू वाढतो, मादीला काही वर्षांतून एकच पिल्लू होते. म्हणून मारलेल्या माशांची नोंद गावाने स्वतः ठेवावी, मोटरवरून होणाऱ्या शिकारीला आळा बसावा, आणि तेना बांधणाऱ्या सुतारांना व वुलान्दोनीच्या बाजाराला आधार मिळावा, असे आम्हाला वाटते. सरसकट बंदी आली तर तेना सर्वांत आधी जाईल, कारण ती मोठी आहे, लपत नाही, आणि तिला चौदा माणसे साक्षीला लागतात. मोटरची छोटी नाव रात्रीही जाऊ शकते.

शेवटी प्रवाशांसाठी, कारण लेख प्रवास पुरवणीतला होता आणि वाचक तिकडे जातील. कुपांगहून लेवोलेबाला छोटे विमान आहे, किंवा फ्लोरेसच्या लारांतुकाहून बोट. पुढे ट्रक. राहण्याची सोय घरांतून होते. पैसे देऊन शिकारीच्या होडीवर चढू नये. होडीत प्रत्येकाला काम असते, नुसता बसलेला माणूस दोराच्या आड येतो. मासा कापला जात असताना आखणीच्या रेषांमध्ये पाय ठेवू नये. विकत घ्यायचे तर तिथले हातमागाचे इकत कापड घ्यावे. त्यावर तेना, देवमासा, मांटा यांच्या आकृती असतात. तांबडा रंग बारतोंडीच्या मुळांचा असतो, म्हणजे ज्या कुळातल्या झाडापासून आपल्याकडे आल नावाचा रंग काढत. देवमाशाचे दात किंवा त्यांच्या कोरीव वस्तू मात्र कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत. स्पर्म व्हेल आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. व्हेलची उलटी म्हणून जी विकताना मुंबई-कोकणात लोक वरचेवर पकडले जातात, ती याच प्राण्याच्या आतड्यात तयार होते. दात सामानात सापडला तर त्याच कलमांखाली उत्तर द्यावे लागेल.

पुढच्या रविवारी बेटाच्या नावाची आणि ‘सर्वांत मोठा प्राणी’ या दोन चुकांची दुरुस्ती छापावी. शक्य असल्यास मांगरात उभ्या असलेल्या तेनेचे एक छायाचित्रही द्यावे, आतल्या बाजूचे, ज्यात फळीचे कान आणि आवळलेले दोर दिसतील.

आपले,
कोकण किनाऱ्यावरच्या होडीबांधणीचा आणि पारंपरिक मासेमारीचा अभ्यास करणारे काही वाचक
मालवण, जि. सिंधुदुर्ग